वरचा खर्च

कुसाबाई मला कधीच आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते. उगाच कोणाला वाटायला नको की मी प्रेमापोटी बोलतेय. जेल रोडला माझं पोळी-भाजी केंद्र आहे आणि तेवीस वर्षं ती तिथं पोळ्या लाटते. हाताला चव आहे, पोळी कागदासारखी पातळ, शंका नाही. पण ‘हो’ म्हणण्याचा रोग! शंभर पोळ्या जास्त लाट म्हटलं, हो. दिवाळीत सुट्टी नाही म्हटलं, हो. एकदा चिडून मी म्हटलं, “कुसाबाई, उद्यापासून पगार निम्मा.” तर मान खाली घालून म्हणाली, “बरं ताई.” बाई आहे की नंदीबैल? असल्या माणसांचा मला संताप येतो. कारण समोरच्याला वाईट वागायला ती शिकवतात. मीही शिकले. बावीस वर्षं तिला रविवारची सुट्टी मी दिली नाही, आणि तिनं मागितली नाही.

तिचं माहेर सिन्नरच्या पलीकडचं एक खेडं. लग्नाला चार वर्षं होऊन मूल नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला पिशवी घेऊन माहेरी पाठवलं. बाप होता तोवर तिला भाकरी होती. बाप गेला, आणि तेराव्याचं गोड जेवण अंगी लागायच्या आत धाकटा भाऊ सहादू म्हणाला, “आक्का, चल सिन्नरला, एक सही करायचीय.”

ती सही हक्कसोडीची. हक्कसोड म्हणजे काय हे बायकांना सांगायला नको, पुरुषांसाठी सांगते, कारण त्यांना ते बहिणीचं प्रेम वाटतं. बापाच्या जमिनीत माझा वाटा आहे तो मी राजीखुशीनं सोडते, सगळं भावाला, असं बहिणीनं लिहून द्यायचं. बदल्यात साडी-चोळी. सही केली तर माहेर शाबूत, नाही केली तर ती नालायक, लोभी, भावाच्या मुळावर उठलेली. चार एकर जमीन होती, दोनच वारस, म्हणजे दोन एकर हिचे. हिनं काय केलं असेल? हो म्हणाली. येवल्याची पैठणी देतो म्हणाला होता, निघाली सुरतेची साडी, तीही पोपटी. सही झाल्यावर सहादूनं तिला सिन्नरच्या स्टँडवर सोडलं आणि तो मोटारसायकलवर निघून गेला. तिकीट हिनंच काढलं आणि नाशिकला आली. ती पोपटी साडी तिनं कधी नेसली नाही. पत्र्याच्या पेटीत तळाला घडी घालून ठेवली होती. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “भावानं दिलेली हाय, ताई. वापरून फाटंल.” मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली होती.

बरं. वीसएक वर्षं गेली. हा सहादू भाऊबीजेला यायचा, पन्नास रुपये ओवाळणी टाकायचा आणि जाताना माझ्याकडून वीस पोळ्या फुकट न्यायचा. आणि मग त्याच्या शिवारातून रस्ता गेला. जमिनीचा तुकडा रस्त्यात गेला आणि पैसे आले. पैसे आल्यावर माणूस किती लवकर पांढरा शर्ट घालायला लागतो ते मी त्याच्याकडे बघून शिकले.

दोन वर्षांपूर्वी संक्रांत झाल्यावर तो केंद्रावर आला. दुपारी बाराची वेळ, डब्यांची घाई, आणि हा मध्येच उभा. सोबत वाल्मीक नावाचा एजंट. वाल्मीकनं मला पाहिल्या पाहिल्या “मावशी” म्हटलं, तिथंच तो माझ्या मनातून उतरला. माझ्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी लहान असेल मेला.

सहादू म्हणाला, “आक्का, तुझ्या नावावर घर घेतोय.”

कुसाबाईचं लाटणं थांबलं. एकवीस वर्षांत ते मधेच थांबलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

“माझ्या?” ती म्हणाली.

“तुझ्याच. पाथर्डी फाट्याला. टू बीएचके, दुसऱ्याच्या हातचा फ्लॅट हाय, पण लय भारी. योगेशची नोकरी अंबडच्या एमआयडीसीत, त्याला जवळ पडंल. अन् एक खोली तुझी. तू आता भाड्याच्या खोलीत कशाला कुजतेस?”

योगेश म्हणजे त्याचा मुलगा. मी कणीक मळता मळता ऐकत होते. म्हटलं, यात मेख आहे. मेख वाल्मीकनंच काढून दाखवली, हौसेनं. घर चौतीस लाखांचं. पुरुषाच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्युटी शेकडा सहा, बाईच्या नावावर पाच. म्हणजे चौतीस हजार वाचतात. “पण मावशी, फक्त बाईचंच नाव पाहिजे. पुरुषाचं नाव जोडलं की सवलत गेली.”

“मग बायकोच्या नावावर कर की,” मी सहादूला म्हटलं. “घरात बायको नाही का?”

सहादू हसला. “तिचे भाऊ चार हायेत, ताई. उद्या त्यांनी तिला फूस दिली तर? आक्काचं तसं नाय. आक्काला मागंपुढं कोण हाय?”

हे तो तिच्या तोंडावर बोलला. आणि ती हसली. भाऊ आपल्यावर विश्वास टाकतोय म्हणून तिचे डोळे भरून आले होते! ज्या बहिणीचे दोन एकर खाल्ले तिच्यावरच या माणसाचा सगळ्यात जास्त भरवसा. ती एकदा सही करून गेली म्हणजे जन्मभर सही करत राहणार, हा त्याचा हिशेब. बायकोवर संशय, मेव्हण्यांवर संशय, पोटच्या पोरावरही थोडा संशयच, म्हणून तर योगेशच्या नावावर नाही घेतलं. आक्का मात्र पक्की.

आणि मग मुद्द्याची गोष्ट आली. “घराचे पैसे माझे, आक्का. वरचा खर्च तेवढा तू बघ.”

वरचा खर्च म्हणजे एक लाख सत्तर हजार स्टँप ड्युटी, तीस हजार नोंदणी फी, पंचवीस हजार सोसायटीची नाव-बदली, दहा हजार वाल्मीकचे. दोन लाख पस्तीस हजार. कुसाबाईकडे बँकेत होते दोन लाख एकेचाळीस हजार. एकवीस वर्षं चुलीच्या धगीत उभं राहून, भाड्याच्या खोलीत एक वेळ चहा-पोळी खाऊन साठवलेले. आता सहादूला तो आकडा कसा माहीत? तिनंच सांगितलेला. भावापासून काय लपवायचं!

मी संध्याकाळी तिला खूप बोलले. “अगं, म्हातारपणाचे पैसे ते. दवाखान्याचे. तुझ्या मर्तिकाचे. ते सरकारला स्टँपचे म्हणून देतेस आणि घर कोणाचं? त्याचं.”

“एक खोली माझी म्हणलाय, ताई.”

“तो पैठणीही म्हणाला होता.”

तिनं परातीतलं पीठ झाडलं. मग हळूच म्हणाली, “ताई, माझ्या खोलीला खिडकी नाय. वीस वर्षं झाली. त्या घराला प्रत्येक खोलीला खिडकी हाय.” मी म्हटलं, खड्ड्यात जा.

साक्षीदार म्हणून मलाच नेलं. गावातलं कोणी नको होतं सहादूला, त्याच्या बायकोच्या कानावर जाईल म्हणून. नवरा बहिणीच्या नावावर घर घेतोय हे त्या सुलाबाईला कळलं असतं तर तिनं नोंदणीच्या टेबलावर चढून त्याची टोपी उडवली असती. मीही गेले, फुकटचा तमाशा बघायला.

रजिस्ट्रीच्या ऑफिसात माणूस गेला की गुरासारखा होतो. अकराचं टोकन, नंबर लागला साडेतीनला. मधे सर्व्हर गेला, मग लाईट गेली, मग साहेब जेवायला गेले. बसायला सहा खुर्च्या आणि उभी माणसं ऐंशी. वाल्मीक इकडून तिकडे नाचत होता. जादा पाच हजार मागून घेतले त्यानं, “आतल्यांना द्यावे लागतात” म्हणून. आतल्यांना दिले की स्वतःच्या खिशात घातले देव जाणे, पावती नव्हती. तेही कुसाबाईनं दिले. हातात उरला एक हजार.

शेवटी नंबर आला. कॅमेऱ्यासमोर बसवलं, फोटो काढला. मग अंगठा. कुसाबाईनं त्या लाल दिव्याच्या डबीवर अंगठा ठेवला. मशीननं घेतला नाही. पुन्हा ठेवला. नाही. ऑपरेटर पोरगी खेकसली, “मावशी, हात धुऊन या.” ती धुऊन आली. नाही. “दुसरं बोट ठेवा.” नाही. दहाची दहा बोटं झाली. तिच्या बोटांवर रेषाच राहिल्या नव्हत्या. रोज चारशे पोळ्या तव्यावर हातानं उलटायच्या, उलथनं ती वापरत नाही, त्यानं वेग कमी होतो म्हणून. कोणाचा वेग? माझा. माझ्या डब्यांचा. मी तिथं उभी होते आणि मला लाज वाटली. जास्त वेळ नाही वाटली, पण वाटली.

सहादूला घाम फुटला. “आक्का, नीट दाब की! काय लहान पोर हायेस का?” चौतीस हजार तिच्या अंगठ्यावर लटकले होते ना. मागची रांग ओरडायला लागली. ऑपरेटर म्हणाली, “यांचं नाही होत, पुढचे या.”

मी म्हटलं, “थांब गं भवाने.” कुसाबाईचा हात धरला आणि अंगठा तिच्याच डोक्यावर घासला, भांगात, तेलात. “आता ठेव.” मशीन वाजलं. घेतला.

हे मी का केलं, मला अजून कळत नाही. त्या दिवशी अंगठा उठला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं.

बाहेर आल्यावर सहादूनं कागदांचं पुडकं आपल्या पिशवीत घातलं. मी ते काढून घेतलं, समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि सगळ्याची एक प्रत काढून कुसाबाईच्या हातात दिली. सहादू म्हणाला, “तिला वाचता कुठं येतं?” मी म्हटलं, “मला येतं.”

चार महिने सुखाचे गेले. तिला खोली मिळाली, खिडकी मिळाली. पहाटे पाचला ती खिडकी उघडायची आणि केंद्रावर येऊन मला सांगायची की आज तिथं काय दिसलं. काय दिसणार? समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी. पण ती सांगायची. मग मे महिन्यात योगेशचं लग्न झालं. नव्या जोडप्याला एक खोली लागली, दुसऱ्या खोलीत योगेशचा कॉम्प्युटर आणि सुनेचं रुखवत. कुसाबाईची वळकटी हॉलमध्ये आली. मग पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी. पावसाळ्यात तिनं तिथं प्लॅस्टिकचा कागद बांधला.

मी विचारलं, “बोललीस का काही?”

“पोरं नवी हायेत, ताई. होईल हळूहळू.”

म्हटलं ना, मला ही बाई आवडत नव्हती.

त्या घरात तिचं असं एकच काम उरलं होतं. घरपट्टी. बिल तिच्या नावानं यायचं. एप्रिलमध्ये भरली की सूट मिळते, म्हणून ती पहिल्याच आठवड्यात जाऊन रांगेत उभी राहायची आणि पावती आणून मला वाचायला लावायची. पैसे? तिच्या पगारातले. सहादू म्हणायचा, “तू राहतेस ना, मग वरचा खर्च तू बघ.” मी वाचायची: मालमत्ताधारकाचं नाव, श्रीमती कुसाबाई अमुक तमुक. “पुन्हा वाचा,” म्हणायची. मी वैतागून पुन्हा वाचायची. ती पावती ती त्या पोपटी साडीच्या घडीत ठेवायची.

मग मागच्या वर्षी गणपती उठले आणि सहादू पुन्हा केंद्रावर उगवला. हातात साडीच्या दुकानाची पिशवी. मागं वाल्मीक, त्याच्या हातात कागद.

“आक्का, साडी आणली तुला. अन् उद्या जरा ऑफिसात यायचंय. घरपट्टीचं काम हाय. तुला दरवर्षी रांगेत उभं राहावं लागतं, मला बघवत नाय. मीच भरत जाईन. त्याच्यासाठी एक सही.”

साडी बघून कुसाबाईनं पदराला हात पुसले. मी वाल्मीकच्या हातातून कागद ओढला. पाचशेचा स्टँप. वर लिहिलेलं कुलमुखत्यारपत्र. मी वाचत गेले. घरपट्टी भरण्याचा अधिकार, वीजबिल भरण्याचा अधिकार, आणि मधेच, चौथ्या पानावर, सदर मिळकत विकण्याचा, किंमत घेण्याचा आणि खरेदीखतावर सही करण्याचा अधिकार. मी ते मोठ्यानं वाचलं. डबे घ्यायला आलेली दोन पोरं ऐकत उभी राहिली.

“घर विकतोस होय रे?” मी म्हटलं.

सहादूनं आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं. योगेशला पुण्याला नोकरी लागली होती. हे घर विकून तिकडं घ्यायचं. बावन्न लाखांचं गिऱ्हाईक तयार होतं.

“मग बक्षीसपत्र करून घे ना सरळ,” मी म्हटलं. “चोरून कशाला?”

वाल्मीकनं घसा साफ केला. “मावशी, बहिणीनं भावाला बक्षीस दिलं तर शेकडा तीन, वर महापालिकेचा एक. आज दोन लाखांच्या वर जातं. नवरा-बायको, मुलं असती तर दोनशे रुपयांत झालं असतं.”

मी हसले. पोटभर हसले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! चौतीस हजार वाचवायला बहिणीचं नाव घातलं, आता ते काढायला दोन लाख. म्हणून हा पाचशेचा कागद.

“आणि ही कुठं जाणार?” मी विचारलं.

“गावाला,” सहादू म्हणाला. “पडवी रिकामीच हाय. गाय बांधायचो तिथं, गाय विकली आता.”

मी कुसाबाईकडे बघितलं. ती खाली बघत होती, पोळपाटाकडे. मला वाटलं, आता तरी बोलेल. तिनं काय केलं? साडीची पिशवी घेतली, छातीशी धरली आणि म्हणाली, “बरं. उद्या घरीच या समदे. वाल्मीकला आण, वहिनीला आण. ऑफिसात जायच्या आधी जरा बसू.”

सहादू खुश. जाताना पोळ्या घेऊन गेला. मी मात्र पेटले. जे तोंडात आलं ते बोलले. “मर त्या गोठ्यात! तुझ्यासारख्या बायांमुळंच या लोकांचं फावतं. मी तुझा अंगठा तेलात घासला तेव्हाच तोडायला पाहिजे होता.” ती ऐकत राहिली. शेवटची पोळी उतरवली, गॅस बंद केला आणि म्हणाली, “ताई, बाजारात येता का माझ्यासंगं? मला पुरुषाचं काय घेता येत नाय.”

बिटको चौकातल्या दुकानातून तिनं एक टॉवेल घेतला, एक पांढरी टोपी घेतली, आणि कोपऱ्यावरून नारळ. माझं डोकं भणभणत होतं. म्हटलं, आता भावाचा सत्कार करणार ही. निर्लज्जपणाची हद्द झाली.

दुसऱ्या दिवशी मला कोणी बोलावलं नव्हतं. तरी मी गेले. दाराशी उभी राहिले. हॉलमध्ये सहादू, सुलाबाई वहिनी, योगेश आणि वाल्मीक बसले होते. वहिनीचा चेहरा आंबट, कारण घर नणंदेच्या नावावर आहे हे तिला कालच कळलेलं. कुसाबाईनं प्लॅस्टिकची खुर्ची मधे ठेवली आणि सहादूला म्हणाली, “बस.” तो बसला. तिनं त्याच्या कपाळाला गंध लावलं. खांद्यावर टॉवेल टाकला. डोक्यावर टोपी घातली. हातात नारळ दिला. सहादू फुलून गेला होता. योगेशनं मोबाइलवर फोटो काढला.

मग ती त्याच्या समोर उभी राहिली.

“सहादू, बापाच्या दोन एकराला तू मला एक साडी दिली. तवा मी काय म्हणले? काय नाय म्हणले. आज मी तुला टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला. आता तूबी काय म्हणू नको. हे घर सोड.”

कोणाला कळेना. योगेशचा मोबाइल तसाच वर धरलेला.

“आक्का, डोकं फिरलं का तुझं?” सहादू उठला. टोपी तिरकी झाली. “घर माझं हाय!”

“तुझं कुठं हाय? घरपट्टी बघ. श्रीमती कुसाबाई हाय त्याच्यावर.”

“पैसे माझे! चौतीस लाख माझे गेले! कोर्टात जाईन, सगळ्या दुनियेला सांगीन पैसे मी दिले अन् नाव नुसतं तुझं...”

वाल्मीकनं त्याची बाही धरून त्याला खाली ओढलं. “भाऊ, हळू बोला, भिंतीला कान असतात. पैसे तुमचे आणि नाव नुसतं बहिणीचं म्हटलं की ते बेनामी होतं. कोर्ट तुम्हाला काही देत नाही, वर घर सरकार घेतं.”

“मग आधी का नाय सांगितलं, भडव्या?”

“तुम्हीच म्हणालात, आक्का नाही कुठं जात.”

खोटं कशाला बोलू, इतकी मजा मला माझ्या लग्नातही आली नव्हती. सुलाबाईनं नवऱ्याला काय काय शिव्या दिल्या त्या मी इथं सांगत नाही, पण काही माझ्यासाठीही नव्या होत्या. सहादू मग रडकुंडीला आला. आक्का, रक्ताचं नातं. आक्का, बापाची शपथ.

“बापाच्याच जमिनीचे पैसे ते,” कुसाबाई म्हणाली. “निम्मे माझेच होते. राहिलेले निम्मे तू मला वीस वर्षं पोळ्या लाटायला लावलं त्याचे. अन् वरचा खर्च तर सगळा मीच केला. मला गोठ्यात नाय झोपायचं, सहादू. मला खिडकीपाशी झोपायचंय.”

ती आत गेली, कालची पिशवी आणि पेटीतली पोपटी साडी घेऊन आली आणि दोन्ही वहिनीच्या मांडीवर ठेवल्या.

एक महिना तिनं त्यांना दिला. मी म्हटलं आठ दिवस दे, ऐकलं नाही. जाताना ते पंखे काढून घेऊन गेले, गीझर घेऊन गेले, बल्ब काढले, मोरीच्या नळाची तोटीसुद्धा काढून नेली. सहादू गावात सांगत फिरला की बहिणीनं गळा कापला. नातेवाइकांचे फोन आले तिला. मावशी, चुलते, ज्यांनी वीस वर्षांत एक दिवस विचारलं नाही ते सगळे शिव्या द्यायला मात्र लगेच हजर. ती फोन उचलायची, ऐकायची, आणि ठेवायची. मग कणकेच्या हातानं डोळे पुसायची. रडायची, हो. खूप रडायची. भाऊ एकच होता तिला.

आणि मला काय मिळालं? एका सकाळी लाटणं खाली ठेवून म्हणाली, “ताई, रविवारी मी येणार नाय. अन् पगाराचं बी बोलायचंय.” भोगा आता. मीच वाचून दाखवलं होतं ना सगळं.

भाऊबीजेला संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. सहज नव्हे, तोटी घेऊन गेले होते, माझ्या मोरीची जुनी पडून होती. तिनं सकाळपासून दोनदा जिन्यात डोकावून बघितलं, असं शेजारीण म्हणाली. कोणी आलं नव्हतं. ओवाळणीचं ताट मात्र तिनं तयार केलं होतं, निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सगळं. दिवेलागणीला ती ते ताट घेऊन गॅलरीत गेली, जिथं सव्वा वर्ष झोपली होती. ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. पश्चिमेला बारीक कोर होती, पाण्याच्या टाकीच्या वर.

मी म्हटलं, “तुला तर भाऊ आहे.”

तिनं चंद्राला कुंकू दाखवलं, अक्षता टाकल्या, निरांजन फिरवलं. मग ताट कठड्यावर ठेवून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, जसं ओवाळून झाल्यावर आपण उभ्या राहतो, भावानं ताटात काही टाकायची वाट बघत. मग तिनं कमरेची पिशवी काढली. त्यातून पन्नासची नोट काढली, नीट सरळ केली आणि स्वतःच ताटात ठेवली.

“ह्याचाबी वरचा खर्च माझाच, ताई,” ती म्हणाली.